लगेच सोडायचं

सर सगळ्यांना सांगत होते की माझा धाकटा भाऊ शेवटच्या क्षणी घाबरला. ते कानावर आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तो घाबरला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. नेमकं काय झालं तेही ठाऊक होतं. पण ते सरांना सांगायचं म्हणजे त्या म्हाताऱ्या माणसाला उभ्याने मोडायचं, आणि नाही सांगायचं तर माझा भाऊ भित्रा म्हणून कायमचा राहणार. कितीतरी दिवस मी हे घशात अडकवून फिरत होते. ना गिळता येत होतं, ना थुंकता येत होतं.

मी मुळात फटकळ बाई. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. गिऱ्हाइकाशी बोलायला मालक मला पुढे येऊ देत नाहीत, त्यात सगळं आलं. धाकटा माझ्या अगदी उलट. तो रंगाच्या दुकानात रंग मिसळायला होता. गिऱ्हाईक शेड कार्डावर बोट ठेवणार, हा मशीनमधून पांढऱ्या डब्यात थेंब थेंब रंग सोडणार, झाकण ठोकून डबा घुसळायच्या मशीनला लावणार, मग उघडून कार्डावर ठिपका देऊन, तो वाळवून दाखवणार. इतकं करून ती बाई "जरा उजळ हवा होता हो" म्हणाली तरी हा हसून दुसरा डबा उघडायचा. मी असते तर तोच डबा तिच्या डोक्यावर ओतला असता. त्याची नखं कधी एका रंगाची नसायची. आई म्हणायची, "हा जेवायला बसला की मी आधी नखं बघते. गावात कुणाच्या भिंतीला काय लागलं ते घरबसल्या कळतं."

भांडण त्याला सोसायचंच नाही. माझा आणि आईचा आवाज चढला तरी हा ताट घेऊन गॅलरीत जायचा. एकदा भर दुपारी पुलाखालच्या वाटेने येताना दोघांनी त्याला अडवलं आणि फोन काढून घेतला. फोनचं त्याला काही वाटलं नाही. "ताई, माझे हातपायच हलेनात गं," तो म्हणाला. "तोंडातून आवाज निघेना. ते निघून गेले तरी मी आपला तिथेच उभा." पुढचे कितीतरी दिवस तो लांबच्या रस्त्याने घरी यायचा. मग एक दिवस कुणाला न विचारता त्याने सरांच्या क्लासला नाव घातलं.

हा क्लास टायरच्या दुकानाच्या वर. जिन्यापासूनच रबराचा वास सुरू होतो. वर एक लांबट खोली, जमिनीवर निळ्या मॅट, कडेला काही खुर्च्या, एक डुगडुगणारं टेबल आणि भंगारातून आणलेली मोटारीची सीट. गाडीत बसलेलं असताना कुणी दार उघडलं तर काय करायचं ते तिच्यावर शिकवायचे. पूर्वी तिथे नाचाचा क्लास होता, तेव्हाचे भिंतभर आरसे सरांनी उतरवून ठेवले. "मार खाताना आपण कसे दिसतो ते बघायचंय कुणाला?" असं त्यांचं म्हणणं.

सर निवृत्त होण्याआधी तुरुंगात शिपाई होते. बुटके, पोट सुटलेलं, एक गुडघा कायम दुखरा. रस्त्यात दिसले तर कुणी बसायला जागा देईल असा माणूस. पहिल्या दिवशी मी धाकट्याबरोबर गेले ती हे काय थोतांड आहे ते बघायला. त्या दिवशी सरांनी कुणाला कुणावर हात टाकू दिला नाही. नुसता श्वास घ्यायला शिकवला. नाकाने घ्यायचा आणि तोंडाने सावकाश सोडायचा. पुढच्या वेळी पाकीट एका बाजूला फेकून दुसऱ्या बाजूला पळायला शिकवलं. त्यानंतर बेंबीच्या देठापासून ओरडायला, तेव्हा खालचा टायरवाला घाबरून वर आला. व्यायामशाळेत दंड कमावलेला एक तरुण होता, तो वैतागला. "सर, फी भरून आम्ही पळायला शिकतोय."

"मग काय मरायला शिकवू?" सर म्हणाले. "ते न शिकता जमतं सगळ्यांना."

त्याच दिवशी मीही नाव घातलं. धाकटा मला ताई म्हणायचा म्हणून अख्खा हॉल मला ताई म्हणू लागला, सरसुद्धा. धाकट्याला सगळे रंगारी म्हणायचे.

शांत राहण्याबद्दल सर फार बोलायचे नाहीत, पण जे बोलायचे ते लक्षात राहायचं. "भीती वाटणारच," ते म्हणायचे. "छाती धडधडणार, तोंड कोरडं पडणार, कानाला दडे बसणार. बसू देत. आपल्याला तेवढ्यातच काम उरकायचंय. त्या वेळी डोकं जागेवर नसतं. हात असतात. म्हणून हातांना सवय लावायची." आणि मग तीच एक गोष्ट आमच्याकडून इतकी घोटून घ्यायचे की झोपेत उठवलं तरी हातांनी ती केली असती.

सगळ्यात जास्त घोटून घेतलं ते सोडणं. मागून गळ्याला हाताची पकड घालायची, ही आमच्या शिक्षणातली शेवटची गोष्ट. पळताच येत नसेल आणि दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतलं असेल तरच. ती जोडीने शिकायची, आणि ज्याच्या गळ्याला पकड बसलीय त्याने जोडीदाराच्या हातावर आपला हात दोनदा मारायचा. याला आम्ही टॅप म्हणायचो. टॅप झाला की पकड सोडायची, अर्धं पाऊल मागे यायचं आणि वाकून जोडीदाराचा चेहरा बघायचा, ठीक आहे ना म्हणून. "लगेच सोडायचं," सर ओरडायचे. "विचार करून सोडलंत म्हणजे उशीर झाला."

याबाबत त्यांना चेष्टा चालायची नाही. का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. तुरुंगात नोकरीला असताना एका कैदी पोराच्या डोक्यात काहीतरी गेलं आणि तो अंगावर येऊ लागला. सरांच्या सोबतच्या शिपायाने त्याला मागून आवळून धरलं. पोरगा त्या शिपायाच्या हातावर हात मारत होता. शिपायाला वाटलं अजून झगडतोय, म्हणून त्याने आणखी आवळलं. सर दारात उभे होते. त्यांनाही तसंच वाटलं. "कळायला हवं होतं," एवढंच बोलून त्यांनी आम्हाला पुन्हा जोड्या लावायला सांगितलं होतं.

धाकट्याला नेमकं हेच जमत नव्हतं. सुरुवातीला एकदा त्याने पकड घातली आणि भीतीने तिथेच गोठला. समोरच्याने टॅप केला तरी याला कळेना. सरांनी येऊन त्याचे हात सोडवले, तोवर तो बिचारा जोडीदार खोकून खोकून लाल झाला होता. धाकटा संडासात जाऊन रडला. क्लास सोडतो म्हणाला. सरांनी सोडू दिलं नाही. त्या दिवसापासून बाकीचे गेल्यावर सर त्याला थांबवून घ्यायचे आणि स्वतःचा गळा त्याच्या हातात द्यायचे. पकड, टॅप, सोड. पुन्हा पकड, टॅप, सोड. मी खुर्चीवर बसून वाट बघायचे, जांभया द्यायचे. सरांच्या मानेवर शेवटी शेवटी लाल पट्टे उठलेले असायचे, पण कंटाळले नाहीत. घरी आल्यावर हा माझ्यामागे लागायचा, ताई, जरा मान दे. मी कांदा चिरत असले तरी. काही महिन्यांनी त्याचे हात इतके तयार झाले की आईने कौतुकाने दोनदा दंडावर थोपटलं तरी याच्या हातातली वाटी सुटायची. आम्ही दोघी पोट धरधरून हसायचो आणि तो फरशी पुसायचा.

ज्या दिवशी तो गेला तो कामाचा साधा दिवस होता. त्याच्या रंगाच्या दुकानात बिलिंगला एक बाई होती. नवऱ्यापासून वेगळी राहायची. नवरा अधूनमधून दुकानात येऊन आरडाओरडा करायचा, मालक त्याला समजावून बाहेर काढायचे. त्या दुपारी मालक मागे जेवायला बसले होते. नवरा आला तो सुरी घेऊनच.

यापुढचं मी पोलिसांच्या खोलीत पडद्यावर बघितलं. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं, त्याला आवाज नव्हता. तपास करणाऱ्या साहेबांनी घरच्या कुणीतरी येऊन बघावं म्हणून निरोप पाठवला होता. आईला नेणं शक्यच नव्हतं. मी गेले. त्यांनी मला चहा दिला. तो मी हातात धरून बसले आणि तसाच खाली ठेवला.

तो माणूस आत येतो. बिलिंगवाली मागे सरकत रंगाच्या डब्यांच्या मांडणीला जाऊन टेकते. धाकटा मशीनपासून पुढे येतो. दोन्ही हात समोर, तळवे उघडे, जसे आम्हाला शिकवलेत तसे. त्याची पाठ कॅमेऱ्याकडे होती, पण त्याचे खांदे हळूहळू खाली येताना मला दिसले. श्वास सोडत होता तो सावकाश. मग तो बोलायला लागला. काय बोलला ते मला कधीच कळणार नाही, पण त्या माणसाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि सुरी जराशी खाली आली. बोलता बोलता धाकटा कडेकडेने सरकत गेला, म्हणजे बाईला दाराकडे जायला वाट मोकळी व्हावी. पुलाखाली ज्याला पाय उचलता आला नव्हता तो हाच, हे मला पडद्यासमोर बसून खरं वाटेना.

बाई दाराकडे निघाली तसा तो माणूस तिच्यावर धावला. धाकट्याने काउंटरवरचा डबा उचलून त्याच्या मनगटावर मारला. सुरी पडली, ती याने पायाने काउंटरखाली लोटली आणि मागून पकड घातली. चांगली घातली. सरांनी बघितली असती तर एक शब्द बोलले नसते. बाई बाहेर पळाली. तो माणूस हातपाय झाडत होता, आणि मग झाडणं कमी होत गेलं. आणि मग त्याचा उजवा हात वर आला आणि धाकट्याच्या हातावर पडला. दोनदा.

धाकट्याचे हात उघडले. निसटले नाहीत की ओढून सोडवले गेले नाहीत. ते उघडले. तो अर्धं पाऊल मागे आला आणि वाकून त्या माणसाचा चेहरा बघू लागला.

काउंटरवर डब्यांची झाकणं उचकटायचा स्क्रू ड्रायव्हर होता. तो त्या माणसाच्या हाताशी होता.

साहेबांनी चित्र थांबवलं. "इथपर्यंत सगळं त्याच्या हातात होतं हो," ते म्हणाले. "आणखी थोडा वेळ धरलं असतं तर मालक आलेच होते. हे सोडलं का, ते आम्हाला कुणालाच कळत नाहीये. तुम्हाला काही सुचतंय?"

"नाही," मी म्हणाले.

"घाबरला असेल," ते म्हणाले. त्यांचा आवाज मायेचा होता, म्हणून मी त्यांच्याशी भांडले नाही. पण शब्द निघाला तो तिथून. सर चौकशीला गेले तेव्हा त्यांना चित्रण दाखवलं नाही, घरच्यांशिवाय दाखवत नाहीत. हा एक शब्द मात्र दिला. सरांनी तो उचलला आणि उराशी धरला.

बिलिंगवाली आमच्याकडे आली होती. आईच्या पायाशी बसून राहिली. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती वाचली, हे मी रोज स्वतःला समजावते, आणि रोज ते कमी पडतं. असं म्हणू नये, पण आहे ते आहे.

सर दर आठवड्याला यायचे. खुर्चीच्या कडेवर बसायचे, जणू कुणी ऊठ म्हणालं तर पटकन उठता यावं. "मी कमी पडलो," आईला म्हणायचे. "बाकी सगळं नीट शिकवलं. शांत राहणं शेवटपर्यंत टिकलं नाही पोराचं. शेवटी घाबरला. ते माझं शिकवणं कच्चं." आई त्यांना पाणी द्यायची. सर गेले की कितीतरी वेळ ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायची.

"घाबरला होता का गं तो?" तिने मला एकदा विचारलं.

"नाही."

"मग सर असं का म्हणतात? ते काय खोटं बोलणारे नाहीत."

मी भांडी जोरजोरात घासायला लागले. आई उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. "घाबरला असला तरी माझाच आहे तो," ती म्हणाली. "मला त्याचं काही नाही. पण तो लहान असताना घाबरला की माझ्याकडे यायचा. तिथे कुणाकडे गेला असेल, हेच सारखं मनात येतं. झोपच लागत नाही मला." मी नळ मोठा केला. काय सांगू तिला? तिला सांगितलं तर ती सरांना विचारणार, आणि आईने विचारलेलं सर सोसू शकले नसते.

धाकटा गेल्यापासून मी हॉलवर पाऊल ठेवलं नव्हतं. एका रविवारी सकाळी गेले. सरांना गाठून एवढंच सांगायचं ठरवलं होतं की आईसमोर तो विषय काढू नका. बाकी काही बोलायचं नाही, असं जिना चढताना स्वतःला दटावत होते.

वर क्लास चालू होता. नवीन चेहरे बरेच होते. एक जण मध्ये उभा आणि बाकीचे त्याच्याभोवती उभे राहून त्याच्या अंगावर ओरडत होते, टेबल बडवत होते, आणि त्याने श्वास सांभाळून सर सांगतील तेवढंच करायचं होतं. हे पूर्वी नव्हतं. सर वाळले होते. शर्ट खांद्यावर लोंबत होता.

"हे का करतोय?" त्यांनी सगळ्यांना थांबवून विचारलं. "आपला रंगारी होता. तुमच्यातले जुने ओळखतात. त्याने सगळं बरोबर केलं. बाईला वाचवलं. आणि शेवटी भीतीने त्याचे हात सुटले. तुमचे सुटू नयेत म्हणून." मग त्यांना मी दारात दिसले. ते थांबले, मान हलवली आणि म्हणाले, "चला, जोड्या लावा."

जोड्या लागल्या. पकड, टॅप, सोड. "लगेच! विचार नको!" शाळेत शिकवणारी एक बाई, तो दंड कमावलेला तरुण, कुणीतरी नवीन मुलगी. टॅप झाला की सगळ्यांचे हात कसे पटकन उघडत होते. अर्धं पाऊल मागे. वाकून चेहरा बघायचा. सगळ्या खोलीभर तेच. तोवर मी फक्त धाकट्याच्या नावाचा आणि सरांच्या म्हातारपणाचा विचार करत होते. ही सगळी माणसं हेच हात घेऊन घरोघर जातात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

क्लास सुटला. माणसं मला भेटून, खाली बघत, जिना उतरून गेली. पुढची बॅच यायला थोडा वेळ होता. सर बादलीत औषधाचं पाणी घेऊन मॅट पुसायला लागले. गुडघ्यामुळे त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून लांब दांड्याच्या फडक्याने उभ्यानेच पुसतात. मी चपला काढून आत गेले.

"सर, तो घाबरला नव्हता."

"ताई, मी त्याला कमी लेखत नाही. घाबरणं म्हणजे काही—"

"तुम्ही ऐका हो. मी बघितलंय. तुम्ही नाही बघितलं."

ते पुसत राहिले. मी सांगायला लागले. हात कसे समोर धरले, खांदे कसे खाली आले, बाईला वाट कशी करून दिली. सर मान हलवत होते, फडकं पुढे-मागे करत होते. पकड कशी घातली तेही सांगितलं.

"मग त्या माणसाचा हात वर आला. आणि रंगाऱ्याच्या हातावर पडला. दोनदा."

फडकं थांबलं.

"कुठे?"

मी माझ्या हातावर दाखवलं. मनगटाच्या वर, आम्ही सगळे मारतो तिथेच.

"मुद्दाम?"

"त्याला काय माहीत आपलं? हातपाय झाडत होता. लागला दोनदा."

सर माझ्या हाताकडे बघत होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. क्लासमध्ये एखादी जोडी काय करतेय ते बारकाईने बघताना असायचा तसा चेहरा.

"आणि रंगाऱ्याने?"

"सोडलं."

"लगेच?"

"लगेच."

"शाब्बास," सर म्हणाले.

कुणाही विद्यार्थ्याला म्हणावं तसं म्हणाले. तोंडातून निघून गेलं. मग त्यांनी ते स्वतः ऐकलं. मान वळवून त्यांनी खोलीत बघितलं, दुसरंच कुणी बोललं की काय म्हणून. त्यांच्या हातातला दांडा सुटून मॅटवर पडला. ते खाली बसायला लागले. तो गुडघा वाकेना, तर एका हाताने भिंत धरून, पाय लांब करून, घसरत घसरत ओल्या मॅटवर बसले. तोंड उघडं होतं पण आवाज येत नव्हता.

इतके दिवस मी त्यांच्यासाठी राग जपून ठेवला होता. तो शोधूनही सापडेना. मी त्यांच्या शेजारी बसले आणि धाकटा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. पोलिसांसमोर रडले नव्हते, आईसमोर तर नाहीच. सरांनी त्यांचा ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"मी शिकवलं ते," ते म्हणाले. "त्याला जमत नव्हतं. मी जमवून घेतलं."

नाही म्हणता येत नव्हतं.

"आता काय शिकवू, ताई? टॅपवर सोडू नका म्हणू? मग इथेच कुणीतरी मरेल एखाद दिवस. मी बघितलाय मरताना एक पोरगा." त्यांनी डोळे पुसले, पण काही उपयोग झाला नाही. "आणि सोडा म्हणू, तर..."

"मला नाही माहीत, सर."

"आई काय म्हणते?"

"तिला आज सांगणार. तो घाबरला नव्हता, एवढंच सांगेन. तिला तेवढंच हवंय."

त्यांनी मान हलवली. बादलीतल्या पाण्याकडे बघत बसले. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सोडल्यावर त्याने चेहरा बघितला का गं त्याचा? वाकून?"

आजवर मी कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललेली नाही. दुकानात नाही, घरात नाही. एखाद्याला फ्रेम शोभत नसली तर मी तोंडावर सांगते, म्हणून तर मालकांनी मला मागे बसवलंय.

"नाही," मी म्हणाले. "तेवढा वेळच मिळाला नाही त्याला."

सरांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. जिन्यावर पावलं वाजायला लागली, पुढची बॅच हसत-बोलत वर येत होती. सर उठायला गेले, पण पायाने साथ दिली नाही. मग मीच तोंड पुसून दाराशी गेले आणि आज क्लास होणार नाही म्हणून सगळ्यांना सांगितलं.